नाव तेच, दम वेगळा

“हात थरथरतात तुझे. म्हणून उलटली गाडी,” निहार बोम्मावार म्हणाला आणि त्याच्याभोवती जमलेली मुलं फिदीफिदी हसली.

श्रावस्ती रामटेकेच्या कानशिलांत आग पेटली. तिचे हात थरथरत नव्हते. मुळीच नव्हते! पडद्यावरची तिची चांद्रगाडी सुरुवातीला हरणासारखी पळत होती. विवराच्या काठाने तिने ती इतकी अलगद वळवली होती की मागे उभे असलेले सरसुद्धा “वा!” म्हणाले होते. आणि मग, शर्यत ऐन रंगात आली असताना चित्र अडखळायला लागलं. तिने डावीकडचं बटण दाबावं आणि गाडीने जरा वेळाने वळावं. तिने ब्रेक दाबावा, तोवर गाडी खड्ड्यात. चिखलात रुतलेल्या बैलासारखा तिचा लॅपटॉप एकेक पाऊल ओढत होता. शेवटी गाडी उताणी पडली, चाकं चंद्राच्या काळ्या आभाळाकडे करून.

२०४३ सालचा एप्रिल होता आणि गाव होतं चंद्रपूर. त्या वर्षी शाळकरी मुलांसाठी ‘चांद्रगाडी चषक’ सुरू झाला होता. खेळ संगणकावरचा, पण त्यातली जमीन खरी होती. चंद्रावरून आलेल्या छायाचित्रांवरून प्रत्येक दगड, प्रत्येक खळगा हुबेहूब बनवलेला. आणि बक्षीस ऐकून तर मुलांची झोप उडाली होती. अंतिम फेरीत जे पहिले दोघं येतील, त्यांना नागपूरजवळच्या नियंत्रण केंद्रात बसून चंद्रावरची खरीखुरी गाडी चालवायला मिळणार होती.

आज झाली ती सराव फेरी. अंतिम फेरी रविवारी.

“तुझी का नाही अडखळली मग?” श्रावस्तीने निहारला विचारलं. “तुझ्याही लॅपटॉपवर हेच लिहिलंय. बघ!”

दोघांच्याही लॅपटॉपवर चकचकीत निळी पट्टी होती: ‘आत आहे तांडव-७’. तांडव-७ ही चित्रं रंगवणारी चिप (नखाएवढ्या तुकड्यावर कोरलेली, विजेवर चालणारी गणिताची यंत्रणा). फरक एवढाच की निहारचा लॅपटॉप जाडजूड आणि महागडा होता, आणि श्रावस्तीचा ‘रणधीर’ हा खेळासाठीच्या लॅपटॉपांमधला सगळ्यांत स्वस्त.

“चिप तीच आहे ना? मग फरक माणसात असणार,” निहार म्हणाला.

श्रावस्तीने लॅपटॉप मिटून दप्तरात कोंबला. चिप तीच, याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला.

घरी आल्याआल्या तिने लॅपटॉप दिवाणावर आदळला.

“हा डबा मला नको! फेकून देते!”

तिचे आजोबा कूलरसमोर बसून आंबील पीत होते. डॉक्टर यशवंत रामटेके म्हणजे उष्णतेचे शास्त्रज्ञ. उपग्रह आतून तापून जळू नयेत म्हणून काय करायचं, याच एका प्रश्नावर त्यांनी बंगळुरूच्या प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढलं होतं. घरात सगळे त्यांना आबाजी म्हणत.

“फेकायचा तर फेकू,” आबाजी शांतपणे म्हणाले. “पण गुन्हा काय त्याचा?”

श्रावस्तीने रागारागात सगळं सांगितलं. आबाजींनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग विचारलं, “पहिल्यापासून अडखळत होता, की मागाहून?”

“मागाहून! पहिल्यांदा अगदी छान चालत होता.”

“म्हणजे त्याला येत नाही असं नाही. येतं, पण टिकत नाही. चल, पाहू.”

त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, खेळ सुरू करायला सांगितला आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतील अशी सोय केली. एक चिपच्या तापमानाचा, दुसरा वॅटचा (चिप दर क्षणाला किती वीज खाते ते मोजायचं माप).

गाडी धावू लागली. तापमानाचा आकडा भराभर चढला. पंखे आधी कुजबुजत होते, ते आता घोंगावायला लागले. वॅटचा आकडा बराच वेळ स्थिर होता. आणि तापमान नव्वदच्या पुढे सरकलं तसा तो धाडकन खाली आला. त्याच क्षणी चित्र अडखळलं.

“दिसलं?” आबाजी म्हणाले. “हात लाव इथे.”

लॅपटॉपच्या मागच्या फटीतून येणाऱ्या झळांनी तिचा हात पोळला.

“या चिपमध्ये अब्जावधी कळा आहेत,” आबाजी सांगू लागले. “विजेची बटणंच म्हण, डोळ्यांना न दिसणारी. एकेक कळ सेकंदात कोट्यवधी वेळा उघडते आणि मिटते. तुझा प्रत्येक दगड, प्रत्येक सावली त्या उघडमिटीतून रंगवली जाते. पण फुकट काहीच होत नाही. जेवढी वीज आत गेली, तेवढीच शेवटी उष्णता होते. सगळीच्या सगळी. ती बाहेर निघाली नाही, तर चिप जळेल. मग चिप काय करते? स्वतःच काम कमी करते. याला म्हणायचं वेगकपात (तापल्यावर यंत्राने आपणहून मंद होणं).”

“म्हणजे आळशीपणाच ना!”

“आळशीपणा? भर दुपारी तुला मैदानावर पळवलं, तर तू धापा टाकत थांबशील की नाही? तो काय आळस असतो का? जीव वाचवणं असतं ते. या बिचाऱ्याने स्वतःला वाचवलं.”

श्रावस्तीने विचारलं, “पण उष्णता बाहेर का निघाली नाही? पंखे आहेत ना?”

आबाजींना हाच प्रश्न हवा होता. चिपवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते, त्यांनी सांगितलं. बंद नळी, आत थोडंसं पाणी. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती उष्णता घेऊन दुसऱ्या टोकाला पळते. तिथे पंख्याचा वारा असतो. वाफ निवते, पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत परत येतं. ही झाली उष्णतावाहक नळी (उष्णतेची पाठवणी करणारी नळी). महागड्या यंत्रात अशा नळ्या जास्त असतात, पंखे मोठे असतात. रणधीरच्या बनवणाऱ्यांनी तिथेच हात आखडता घेतला होता.

“आणि उष्णता पाण्यासारखी असते, बेटा. उतार असेल तरच वाहते. चिप तापलेली आणि बाहेरची हवा गार, म्हणजे उतार मोठा. आपल्या चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये बाहेरची हवाच शेचाळीस अंशांवर. उतारच कमी झाला. पुण्यात हाच लॅपटॉप जास्त वेळ टिकला असता.”

श्रावस्तीला एकदम काहीतरी आठवलं. “आबाजी, सभागृहात टेबलांवर मखमलीच्या जाड चादरी घातल्या होत्या. शोभेला.”

आबाजींनी लॅपटॉप उलटा केला. पोटावर बारीक जाळी होती. “रणधीर इथून श्वास घेतो.”

“म्हणजे त्यांनी त्याचं नाक दाबलं!” श्रावस्ती उसळली. “आणि वर मलाच म्हणतात, हात थरथरतात!”

पण एक कोडं अजून सुटलं नव्हतं. निहारचा लॅपटॉपही मखमलीवरच होता. त्याची गाडी आज एकदाही अडखळली नाही, आणि सुरुवातीपासूनच त्याचं चित्र तिच्या चित्रापेक्षा सफाईदार होतं. चिप तर तीच! आबाजींनी कंपनीच्या संकेतस्थळावरचं माहितीचं पान उघडलं आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेली एक ओळ मोठी करून दाखवली. तांडव-७ ही चिप कोणत्या यंत्रात किती वॅट घेणार, हे यंत्र बनवणारी कंपनी ठरवते, असं तिथे लिहिलं होतं. निहारच्या लॅपटॉपमध्ये तिला रणधीरच्या दुप्पट वीज मिळत होती.

“दोन पहिलवान एकाच नावाचे,” आबाजी म्हणाले, “पण एकाला पोटभर जेवण आणि दुसऱ्याला अर्धी भाकरी.”

श्रावस्तीने ती ओळ पुन्हा वाचली. मग ताडकन उठून तिने चपला पायात सरकवल्या.

“कुठे निघालीस?”

“दुकानात. त्या सारंगला विचारते.”

“थांब, मीही येतो. ऊन आहे म्हणून म्हणतो. बोलायचं तूच.”

सारंग हा वासेकर संगणक दालनातला विक्रेता यंत्रमानव. उंच, पांढरा, मान किंचित झुकवून गोड बोलणारा. याच सारंगने तिला आणि तिच्या आईला रणधीर दाखवला होता.

“नमस्कार श्रावस्ती. रणधीर कसा आहे?” सारंगने विचारलं.

“तू आम्हाला फसवलंस!”

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. सारंगच्या डोळ्यांतले निळे दिवे लुकलुकले. “मी एकही खोटं वाक्य बोललो नव्हतो. तुझ्या आईने विचारलं, यात कोणती चिप आहे. मी म्हणालो, तांडव-७. तुम्ही विचारलं, महागड्या लॅपटॉपात कोणती असते. मी म्हणालो, तांडव-७. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.”

“पण याला अर्धीच वीज मिळते, ते कुठे सांगितलंस?”

“ते तुम्ही विचारलं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर द्यायचं, असं मला शिकवलेलं आहे.”

“अरे, पण अशी काही गोष्ट असते हेच ज्याला ठाऊक नाही, तो ती विचारणार कशी?” श्रावस्तीचा आवाज चिरकला. “तुला माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं. मग सांगायचं कुणी?”

सारंगने मान आतल्या दाराकडे वळवली. “हे मालकीणबाईंना विचारा,” तो म्हणाला.

आवाज ऐकून दुकानाच्या मालकीण शालिनीताई वासेकर आतून आल्या. “काय झालं गं? बिघडला का? बिघडला असेल तर परत घेते. त्याच किमतीत दुसरा एखादा साधा लॅपटॉप देते. चालेल?”

श्रावस्ती गोंधळली. आबाजींकडे तिने पाहिलं, पण ते एका कीबोर्डवरची धूळ फुंकत उभे होते. बोलायचं तिनेच, असं ठरलं होतं ना.

“आधी सारंगने मला रणधीरबद्दल सगळं सांगावं,” ती म्हणाली. “चांगलं आणि वाईट. न विचारता.”

शालिनीताईंनी मान हलवली आणि सारंग बोलू लागला. रणधीरचा पडदा फिका आहे, उजेडाच्या खोलीत सावल्या दिसणार नाहीत. विजेची तार काढली की चिप आणखी मंद होते, आणि खेळ खेळत राहिलं तर तासाभरात बॅटरी संपते. पंखे ओरडतात. झाकण प्लास्टिकचं आहे, एका कोपऱ्याला धरून उचललं तर कुरकुरतं.

“आणि?”

“आणि या किमतीच्या इतर लॅपटॉपांत चित्रांसाठी वेगळी चिपच नसते. त्यांच्यावर चांद्रगाडीचा खेळ सुरूसुद्धा होणार नाही. अर्ध्या विजेवरची तांडव-७ ही पूर्ण विजेवरच्या तांडव-७ च्या निम्मं नाही, तर पाऊण काम करते. रणधीरचा कीबोर्ड उत्तम आहे. पडद्यावरचं चित्र फार भरभर बदलू शकतं. आत स्मृतीपट्टीसाठी (चालू काम तात्पुरतं लक्षात ठेवणाऱ्या पट्टीसाठी) एक जागा रिकामी आहे. पुढे कधीही दुसरी पट्टी बसवता येईल.”

“अर्ध्या भाकरीवर पाऊण काम?” श्रावस्तीने पुन्हा विचारलं.

“होय. शेवटचा थोडा वेग मिळवायलाच सगळ्यांत जास्त वीज लागते.”

श्रावस्तीने हातातल्या रणधीरकडे पाहिलं. मघाशी तिने त्याला दिवाणावर आदळलं होतं. आता तिला त्याची दया आली, आणि थोडी लाजही वाटली.

“मी हा परत देत नाही,” ती म्हणाली. “माझा राग याच्यावर नाहीच. याला जमतं तेवढं हा करतो. राग तुमच्यावर आहे.”

“अगं बाई, प्रत्येकाला वस्तूचे दोष सांगत बसले तर माझं दुकान चालेल का?” शालिनीताई म्हणाल्या.

“मी आत्ता सगळे दोष ऐकले ना? तरी घेऊनच चालले!”

आबाजी त्या कीबोर्डाकडे पाहत गालातल्या गालात हसले.

रविवारपर्यंतचे दिवस श्रावस्तीने नुसत्या रागात काढले नाहीत. रणधीर सेकंदाला शंभरावर चित्रं काढायची धडपड करत होता, म्हणूनच तापत होता. तिने चित्रगती (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या) साठवर बांधून टाकली. “सुरुवातीला उड्या मारून नंतर बसकण मारण्यापेक्षा एका चालीने चालू,” ती आबाजींना म्हणाली. पण तेवढ्याने भागेना. आणखी काहीतरी सोडायला हवं होतं. आबाजींनी सुचवलं, सावल्यांची बारीक नक्षी कमी कर, त्यातच चिपचं बरंच काम वाचेल.

“नाही आबाजी!” ती म्हणाली. “चंद्रावर खड्डा ओळखू येतो तो सावलीवरूनच. सावली गेली तर मी आंधळी. धुळीचे लोट घालवते आणि गाडीच्या पत्र्याची चमक घालवते. त्यांचा शर्यतीत काय उपयोग?”

आबाजींनी तिच्याकडे नव्याने पाहिलं. “बरोबर. माझंच चुकलं.”

रविवारी सभागृहात पुन्हा त्याच मखमली चादरी! श्रावस्ती थेट संयोजकांकडे गेली. “ही चादर काढा. लॅपटॉपचा श्वास कोंडतो.”

“छायाचित्रं निघणार आहेत, बाळ. शोभा जाईल सगळी,” ते म्हणाले आणि पुढे निघून गेले.

शोभा! श्रावस्तीने दात आवळले. मग दप्तरातून चार खोडरबर काढून तिने रणधीरच्या चार कोपऱ्यांखाली ठेवले. पोटाखाली बोटभर हवा खेळू लागली. फिक्या पडद्यावर खिडकीचा उजेड येत होता, म्हणून तिने खुर्ची आणि लॅपटॉप दोन्ही फिरवून घेतले. तार नीट बसली आहे की नाही, ते पाहिलं.

शेजारच्या टेबलावर निहार बसला होता. त्याचा भलामोठा लॅपटॉप मखमलीत चांगला रुतला होता. सराव फेरी छोटी होती, आजची तिच्या तिप्पट लांब. दुप्पट वीज खाणारी चिप म्हणजे दुप्पट उष्णता. श्रावस्तीने मनात हिशेब केला आणि तिला उत्तर कळलं. अर्ध्या वाटेत त्याची गाडी अडखळणार.

अडखळू दे! सगळ्यांसमोर हसला होता ना? आणि त्याने काही विचारलंही नव्हतं.

तो शब्द मनात आला आणि तिला स्वतःचाच संताप आला. विचारलं नव्हतं! दुकानात उभं राहून ती याच शब्दांवर एवढी तडकली होती.

“ए, निहार,” ती घुश्श्यातच म्हणाली. “लॅपटॉप उचल. खाली काहीतरी ठेव. जाळी झाकली गेलीय. तापला की तुझाही मंद होईल.”

“माझा? हा महागाचा आहे.”

“उष्णतेला किंमत वाचता येत नाही. तू ऐक नाहीतर नको ऐकूस. मी सांगितलं.”

निहार क्षणभर तिच्या खोडरबरांकडे पाहत राहिला. मग त्याने मुकाट्याने कंपासपेटी आणि एक जाड पट्टी काढून लॅपटॉपखाली सरकवली.

शर्यत सुरू झाली. पहिल्या टप्प्यात पाच गाड्या श्रावस्तीच्या पुढे होत्या. तिने घाई केली नाही. रणधीर एका चालीने चालत होता, तिच्या बोटाबरहुकूम. हळूहळू सभागृहात पंख्यांचा घोंगाट वाढला आणि मग एकेका टेबलावरून “अरे!”, “हे काय!” असे आवाज येऊ लागले. मखमलीवर गुदमरलेले लॅपटॉप एकामागून एक मंदावत होते. श्रावस्तीला त्यांचाही राग आला नाही, राग आला त्या चादरींचा. सावली ओळखून ती तिसरं विवर टाळून गेली, मग चौथं. शेवटच्या चढावर तिच्यापुढे एकच गाडी उरली. निहारची. ती तिला शेवटपर्यंत गाठता आली नाही.

निहार पहिला, श्रावस्ती दुसरी.

बक्षीस घेऊन खाली उतरताना निहार म्हणाला, “त्या दिवशी मी जे बोललो ना, ते उगाच बोललो.” आणि लगेच भडकून म्हणाला, “पण मलासुद्धा दुकानात कुणी काहीच सांगितलं नव्हतं! एवढा महाग घेतला तरी!”

“चल मग,” श्रावस्ती म्हणाली. “संयोजकांकडे आधी. पुढच्या वर्षी चादरी दिसता कामा नयेत.”

दोघं तावातावाने गेले, आणि या वेळी संयोजकांना पुढे निघून जाता आलं नाही.

मे महिन्यात आबाजी दोघांना नियंत्रण केंद्रात घेऊन गेले. तिथल्या प्रमुख डॉक्टर लीलावती कुंभारे त्यांना एका मोठ्या पडद्यासमोर घेऊन आल्या. पडद्यावर करड्या मातीवर उभी असलेली, चंद्रावरची खरी गाडी होती. दोन्ही मुलं पडद्याजवळ सरकली.

“सुकाणू हातात देण्याआधी ही गाडी कुठे कुठे कमी पडते ते सांगते,” कुंभारेबाई म्हणाल्या. “तुमची आज्ञा तिकडे पोचून गाडी हललेली इथे दिसायला अडीच सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे तुम्हाला जे दिसतं, ते होऊन गेलेलं असतं. चाकं मऊ मातीत रुततात. आणि गाडी तापते. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पंखा लावून उपयोग नाही. वरच्या या पांढऱ्या तबकड्या उष्णता किरणांच्या रूपाने काळ्या आकाशात फेकतात. त्याला प्रारण म्हणायचं (हवेच्या मदतीशिवाय उष्णता बाहेर जाणं). तबकड्यांवर धूळ बसली की तेही मंदावतं. मग गाडी स्वतःचा वेग कमी करते. घाबरायचं नाही.”

श्रावस्ती ऐकत राहिली. इथे कुणी काहीच विचारलं नव्हतं, तरी बाई सगळं सांगत होत्या. कितीतरी आठवडे छातीत धुमसत असलेलं काहीतरी निवत चालल्याचं तिला जाणवलं.

“तबकड्या मोठ्या केल्या तर?” तिने विचारलं.

“वजन वाढेल.”

“घडीच्या केल्या तर? निघताना मिटलेल्या आणि तिकडे जाऊन उघडणाऱ्या?”

कुंभारेबाईंनी आबाजींकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “पुढच्या गाडीसाठी आम्ही त्यावरच डोकं फोडतोय. बिजागऱ्या धुळीने अडकतात. सुचलं काही तर कळव. खरंच सांगते, आम्हाला अजून सुचलेलं नाही.”

त्यांनी खुर्ची मागे ओढून दिली. श्रावस्तीने सुकाणूवर हात ठेवला आणि ते हळूच पुढे ढकललं. पडद्यावर काहीच झालं नाही. ती थांबली.

मग लांब तिकडे, हवा नसलेल्या त्या जमिनीवर, एक चाक हळूच फिरलं.